यादी त्यांची, बोट तुमची

सांगलीच्या विश्रामबागमधून एका रिटायर्ड शिक्षिकेचं पत्र आलंय. थोडं कापून देते:

"ताई, मी यंदा शाळेतून रिटायर झाले, हे पाटबंधारे खात्यातून आधीच झालेत. येत्या जूनमधे नॉर्वेला जायचं ठरतंय, दोघंच, आयुष्यात पहिल्यांदाच. यांना ओस्लो, बर्गेन पायी पालथं घालायचंय, वहीत यादी केलीय, चाळीसच्या वर ठिकाणं झालीत. माझे गुडघे दुखतात, मला किनाऱ्याकिनाऱ्याने वर जाणाऱ्या त्या बोटीत नुसतं बसायचंय. हे म्हणतात आठवडाभर बोटीत बसून बघायचं काय, पाणीच ना, ते कृष्णेला पूर आल्यावर बघितलंय. मुलगा म्हणतो ग्रुप टूरनं जा नायतर मोठ्या क्रूझवर जा, कॉलनीतले म्हणतात नॉर्दन लाइट्स बघितल्याशिवाय येऊ नका. आम्ही शाकाहारी. आणि खरं सांगू का, इतके दिवस दोघंच एका खोलीत, बोलायला काय उरणार याचीच मला धास्ती वाटते."

ताई, तुमचं ते पुराचं वाक्य वाचून आधी खळखळून हसले. पण ज्या माणसानं २००५ आणि २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलं ते तासातासाला ऐकत रात्री काढल्या असतील त्याला पाण्याकडे हौसेनं बघायचं म्हटल्यावर जरा वेळ लागणारच की, तेव्हा त्यावरनं त्यांच्यावर चिडू नका. यादीला मात्र कात्री लावायचीच.

माझं मत आधीच सांगून टाकते. शहरं आधी, बोट नंतर, बोटीचं तिकीट एकाच बाजूचं, आणि रोजचे दोन-तीन तास दोघांनी वेगवेगळं फिरायचं. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आहे पण त्याच्याकडे नंतर येते.

शहरं आधी कशासाठी, तर चालायचं काम अंगात जोर आहे तोवर उरकायचं आणि मग बोटीत पाय लांब करून बसायचं. बोट आधी घेतली तर तुमचे मिस्टर पूर्ण आठवडा "आता ओस्लोत गेल्यावर बघ" असं म्हणत यादी वाढवत बसतील आणि तुम्ही सुट्टीच्या शेवटी, थकलेल्या असताना, त्या यादीमागे फरफटत जाल. आणि बर्गेन ते किर्केनेस असं उत्तरेकडे जाणारंच तिकीट घ्या, सहा रात्री, सात दिवस. जाऊन-येऊन पूर्ण फेरी बारा दिवसांची होते, ती पहिल्या खेपेला नको, परत येताना किर्केनेसहून ओस्लोला विमान आहे, दोनेक तासात पोचता.

आता ही बोट म्हणजे काय ते मिस्टरांना नीट समजावून सांगा, कारण मला वाटतं त्यांच्या डोळ्यासमोर मुलानं दाखवलेली ती मोठी क्रूझ आहे, स्विमिंग पूल, कॅसिनो, रात्री नाचगाणी, हजारो माणसं. ही तसली नाही. ही आपली लाल एसटी आहे, फक्त पाण्यावरची. ३४ बंदरांवर थांबते, माल उतरवते, माल चढवते, गावातली माणसं दोन स्टॉपपुरती चढतात आणि उतरतात, कुठं दुपारी दोनला तर कुठं पहाटे तीनला. १८९३ साली रिचर्ड विथ नावाच्या कॅप्टननं ही सर्व्हिस सुरू केली कारण उत्तरेकडच्या गावांना रस्तेच नव्हते, हिवाळ्यात पत्र पोचायला महिने लागायचे, आणि अंधारात, खडकांमधून बोट न्यायला दुसरं कोणी तयार होत नव्हतं. विथनं काय केलं तर कंपास, घड्याळ आणि कुठल्या दिशेला किती वेळ जायचं याची स्वतःची नोंदवही, एवढ्यावर रात्रीसुद्धा बोट चालवायची सोय बसवली. ही गोष्ट पाटबंधारे खात्यातल्या माणसाला सांगून बघा, बोट आवडायला लागते की नाही. आता त्याच मार्गावर हुर्टिग्रुटेन आणि २०२१ पासून हाविला अशा दोन कंपन्यांच्या बोटी आहेत, बर्गेनहून रोज एक सुटते.

मोठ्या क्रूझबद्दल मुलाला काय सांगायचं? मेडिटेरेनियन म्हणजे भूमध्य समुद्रातल्या क्रूझच्या जाहिरातीत "रोम" लिहिलेलं असतं आणि बोट लागते चिविटावेकियाला, तिथून रोम सत्तरऐंशी किलोमीटर. "फ्लॉरेन्स" म्हणजे लिव्होर्नो बंदर, पुन्हा तितकंच लांब. म्हणजे बसमधे बसा, धावत शहर बघा, घड्याळ बघत परत या. मिस्टरांच्या यादीचं तिथं जास्त वाटोळं होईल. या नॉर्वेच्या बोटीत उलट आहे, बोट बऱ्याच ठिकाणी गावातच लागते, उतरलं की चालायला सुरुवात. ऑलेसुंड घ्या, १९०४ च्या जानेवारीत जवळपास आख्खं गाव जळालं आणि नंतर एकाच धाटणीत दगडविटांचं नवं बांधलं, नक्षीदार खिडक्या, निमुळते मनोरे, ते त्यांनी बघावं. ट्रॉनहाइमला निडारोसचं जुनं कॅथेड्रल, ट्रोम्सोला पुलापलीकडे ते १९६५ चं पांढरं त्रिकोणी आर्क्टिक कॅथेड्रल. होनिंग्सवोगला उतरून बसनं नॉर्थ केप, ३०७ मीटरचा कडा आणि खाली समुद्र. एवढं सगळं बोटीतूनच होतंय म्हटल्यावर "बोटीत बसून बघायचं काय" हा प्रश्नच राहत नाही.

फक्त एक. छोट्या बंदरांवर बोट पंधरा-वीस मिनिटंच थांबते, मोठ्या ठिकाणी काही तास, आणि सुटायच्या वेळेला सुटते, "आमचे हे येताहेत हो" म्हणून थांबवता येत नाही. सुटायची वेळ बोर्डावर लिहिलेली असते, उतरताना त्यांना तिचा फोटो काढायला लावा.

आता यादीकडे. ओस्लोला तीन रात्री पुरेत, आणि चाळीस ठिकाणातली मोजकी ठेवा. विगेलंड नावाच्या शिल्पकाराची शिल्पं फ्रोग्नर पार्कमधे आहेत, दोनशेच्या वर आहेत, तिकीट नाही, बाकं भरपूर. मधोमध एक चौदा मीटर उंच दगडी खांब आहे, त्यावर १२१ माणसं एकमेकांवर चढलेली कोरलीत, म्हातारी, पोरं, बाया, सगळी. तिथं तुम्ही दोघं मिळून जा. ऑपेरा हाऊसचं छप्पर पाण्यापासून तिरकं वर चढत जातं, लोक त्यावर चालत जातात, बसतात, ऊन खातात, पांढरा दगड आहे, पाऊस पडला की निसरडा होतो एवढं लक्षात ठेवा. तुम्ही तिथं बसा आणि मिस्टरांना ओस्लोतल्याच बिग्दोय भागात फ्राम म्युझियममधे पाठवा, अमुंडसेन ज्या बोटीनं अंटार्क्टिकाला गेला आणि १९११ च्या डिसेंबरमधे दक्षिण ध्रुवावर पोचला ती खरीखुरी लाकडी बोट तिथं आत ठेवलीय, तिच्यात चढून केबिन बघता येतात. खात्यातून रिटायर झालेल्या माणसाला दोन तास कमी पडतील. व्हायकिंग बोटींचं म्युझियम त्यांच्या यादीत असणारच, पण त्याचं बांधकाम चाललंय, निघण्याआधी उघडलंय का ते साइटवर बघा, नाहीतर तिथं दारातून परत यायचे.

ओस्लो ते बर्गेन ट्रेननं जा, विमानानं नको. सात तासाच्या आसपास लागतात, १९०९ ला पूर्ण झालेला मार्ग आहे, फिन्से स्टेशन १२२२ मीटरवर, जूनमधेसुद्धा तिथं बर्फ असतो. मधे मिर्डालला उतरून फ्लॉमची छोटी ट्रेन घ्या, वीस किलोमीटरमधे साडेआठशे मीटरच्या वर खाली उतरते, आणि फ्लॉमहून नेरॉयफियोर्डमधनं बोट. ती अरुंद खाडी तुमच्या मोठ्या बोटीच्या वाटेवर येत नाही म्हणून ती इथंच बघून घ्यायची. एका दिवसात सगळं होतं असं सांगतात, होतं पण, तुमच्या गुडघ्यांना आणि बॅगांना ते नको, फ्लॉमला एक रात्र काढा.

बर्गेनला दोन रात्री, आणि बोटीच्या निदान आदल्या दिवशी तिथं पोचलेलंच पाहिजे, हे मी आग्रहानं सांगते. ट्रेन रखडली, बॅग दोह्यात राहिली, काहीही होतं, आणि बोट तर रात्री सुटली की सुटलीच. बर्गेनला वर्षातले दोनशेच्या वर दिवस पाऊस असतो, छत्री वाऱ्यानं उलटी होते, तेव्हा टोपीचा रेनकोट घ्या. ब्रिग्गेनची लाकडी घरं धक्क्यालगतच आहेत, १७०२ च्या आगीनंतर जुन्या पद्धतीनंच उभी केलेली, एकमेकींना टेकून वाकडी झालेली, मधल्या बोळात फळ्यांची जमीन आहे, ओली असली की हळू चाला. फ्लोयेनच्या डोंगरावर ३२० मीटरपर्यंत जायला केबलनं ओढली जाणारी रेल्वे आहे. मिस्टर चढून जातो म्हणतील, जाऊ दे, तुम्ही रेल्वेनं वर जाऊन कॉफी घेऊन बसा. कॉफी मात्र चाळीस-पन्नास क्रोनरला असते, आणि क्रोनर साधारण नऊ रुपयाच्या आसपास धरा, प्रत्येक कपाचा हिशेब करत बसू नका.

नॉर्दन लाइट्सचं, म्हणजे उत्तरेकडे रात्रीच्या आकाशात दिसणाऱ्या त्या हिरव्या उजेडाचं, विसरा. जूनमधे तिथं पुरता अंधारच पडत नाही तर दिसणार कशावर. नॉर्थ केपला १४ मे ते २९ जुलै सूर्य मावळतच नाही, बोट आर्क्टिक सर्कल, म्हणजे उत्तर ध्रुववृत्त, ओलांडून वर गेली की तुम्हालाही मध्यरात्री ऊन दिसेल, ढग नसतील तर. कॉलनीतल्यांना सांगा, त्यासाठी हिवाळ्यात पुन्हा जाऊ. झोपायला डोळ्यावरची पट्टी न्या, आणि केबिन घेताना खिडकीसमोर लाइफबोट येत नाही ना ते विचारून घ्या, अशा केबिन स्वस्त असतात आणि का स्वस्त ते आत गेल्यावर कळतं.

आर्क्टिक सर्कल चौथ्या दिवशी सकाळी येतं. एका छोट्या खडकाळ बेटावर पृथ्वीचा धातूचा गोल उभा केलाय, बोट शेजारून जाते तेव्हा भोंगा वाजतो, सगळे डेकवर. नंतर समुद्रदेवाचा वेश केलेला माणूस येतो, आणि ज्याची इच्छा असेल त्याच्या मानेवर, शर्टाच्या आत, पळीनं बर्फाचं पाणी ओततात. तुम्ही आधी जा. मिस्टरांना मागं उभं राहून बघू दे.

बोट लागते का? बहुतेक रस्ता बेटांच्या आडोशानं आहे, पण स्टाड, हुस्टाडविका आणि बोडोहून लोफोटेनला जाताना व्हेस्टफियोर्ड, अशा उघड्या पट्ट्यात हलते. केबिन खालच्या डेकवर, मधल्या भागातली घ्या. गोळी कुठली ते इथल्याच डॉक्टरांना विचारा, बीपीच्या गोळ्यांबरोबर चालते का हे धरून, आणि रोजच्या सगळ्या गोळ्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत.

खाण्याचं. बुकिंग करतानाच शाकाहारी लिहा आणि "मासे नाहीत, अंडं चालतं की नाही" हे वेगळं लिहा, तिकडं बऱ्याच जणांना मासा म्हणजे शाकाहारच वाटतो. सकाळचा नाश्ता तुमच्यासारख्यांना सोपा, ब्रेड, चीज, दही, फळं. एक तपकिरी, गोडसर चीज मिळतं, खव्याच्या जवळचं लागतं, आवडेल. शहरात हॉटेलातलं साधं जेवण माणशी दोनशे क्रोनरच्या वर जातं, म्हणून एक वेळ सुपरमार्केट. नळाचं पाणी बिनधास्त प्या, बाटल्या विकत घेऊ नका. घरून भडंग न्या, तासगावचे बेदाणे न्या, चटण्या न्या. पेढे, तूप, खव्याचं काही मात्र नको, युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ नॉर्वेत आणायला बंदी आहे, साताऱ्याच्या पाहुण्यांनी कंदी पेढे हातात ठेवले तर निघण्याआधी कॉलनीत वाटून टाका. आणि केबिनमधे कॉइल, इलेक्ट्रिक किटली लावायच्या भानगडीत पडू नका, बोटींवर आगीच्या भीतीनं सहसा चालू देत नाहीत.

ग्रुप टूरला माझा विरोध नाही, पण तुमच्या केसमधे नको. ग्रुपमधे सकाळी सातला बॅगा बाहेर, मिस्टर खूश आणि तुम्ही बसमधे मागं गुडघा चोळत. नॉर्वेत इंग्रजी सगळीकडे चालतं, ट्रेन वेळेवर असतात, सगळीकडे कार्ड चालतं, नोटा लागतच नाहीत म्हटलं तरी चालेल, अगदी स्टेशनवरच्या संडासाला पण कार्ड. मुलाला बुकिंग करू दे, त्याचं समाधान होईल, पण किती रात्री कुठं हे तुम्ही ठरवा. विमानाला व्हीलचेअर असिस्टन्स तिकिटाबरोबरच मागून घ्या, वेगळे पैसे नसतात, लाजायचं कारण नाही, दोहा नाहीतर दुबईच्या एअरपोर्टवरचं ते चालणं कुठल्याही किल्ल्यापेक्षा जास्त आहे. आणि जूनचा पाऊस धरून चाला, सांगलीहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघून सकाळी थेट मुंबई विमानतळ असलं काही करू नका, घाटात एक कंटेनर आडवा झाला की संपलं. आदल्या दिवशी मुंबईत.

व्हिसा शेंगेनचा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच, नॉर्वे युरोपियन युनियनमधे नाही तरी शेंगेनमधे आहे. माणशी ९० युरो फी, वर सेंटरचा चार्ज, किमान ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स, त्यात बीपी-शुगर जे आहे ते लपवायचं नाही, नाहीतर वेळ आल्यावर क्लेम अडतो. निघायच्या आधी सहा महिन्यांपर्यंत अर्ज करता येतो, तेव्हा उन्हाळ्याच्या गर्दीत शिरू नका. पेन्शनची कागदपत्रं, बँक स्टेटमेंट, रिटर्न. व्हिसा हातात येईपर्यंत जे बुक कराल ते कॅन्सल होणारं असू दे. पॅकेज घेतलंत तर एजंट टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेईल, तो पॅनवर जमा होतो, रिटर्न भरताना वळता होतो, म्हणून पावती जपा.

आता ती धास्ती. पस्तीस वर्षं शाळा, ऑफिस, पोरं, सासूबाईंचं आजारपण असं काहीतरी सगळ्यांच्याच घरी मधे असतं, आणि बोलणं म्हणजे "गॅस लावला का", "लाइट बिल भरलं का", तुमच्याकडे काही वेगळं असेल असं मला वाटत नाही. ते बोलणं नॉर्वेत चालणार नाही कारण गॅसही नाही आणि बिलही नाही. मग शांतता येणार. ती आली म्हणून घाबरून जाऊन विषय काढत बसू नका, मुलाचं, सुनेचं, फ्लॅटचं तर अजिबात नको, तो विषय निघाला की तुम्ही विश्रामबागमधेच बसलाय असं समजा. बोटीवर पुढच्या बाजूला मोठ्या काचेचा लाउंज असतो, शेजारी शेजारी खुर्च्या, समोर डोंगर सरकतोय, तिथं तासभर कोणी बोललं नाही तरी विचित्र वाटत नाही. समोरासमोर बसून गप्प राहणं जड जातं, शेजारी बसून जात नाही.

आणि म्हणूनच ते वेगळं फिरणं. रोज एक बंदर त्यांचं, तुम्ही बोटीत. एखादं बंदर तुमचं, ते बोटीत. त्यांना सांगायला काहीतरी घेऊन परत येऊ दे, तुम्ही पण त्यांना न दिसलेलं काहीतरी बघितलेलं असू दे, चहाला तेवढं पुरतं. यासाठी दोघांकडे वेगवेगळं सिम आणि वेगवेगळं कार्ड पाहिजे, पिन स्वतःला पाठ. चाळीशी-पन्नाशीपुढच्या आपल्या कितीतरी बायका परदेशात नवऱ्याच्या पाकिटावर फिरतात आणि एका कॉफीसाठी तो येईपर्यंत थांबतात, मला ते बघवत नाही, तुम्ही तर स्वतः पेन्शनर आहात. निघायच्या आधी सांगलीतच ते कार्ड एकदा स्वतः वापरून बघा.

ते मिस्टर रुसतील का, तर एक दिवस रुसतील. ओस्लोतच सवय लावा, फ्रामच्या दिवशी, बोटीवर जाऊन एकदम नको.

यादीची वही त्यांच्याकडून काढून घेऊ नका. त्यातली बंदरांची नावं त्यांनाच टाइमटेबलवरनं भरायला सांगा, कुठं किती मिनिटं थांबते, उतरल्यावर काय बघून होतं, ते दोन दिवस त्यात रमतील. तोवर तुम्ही बोटीची केबिन बघा, जूनच्या खिडकीच्या केबिन लवकर जातात, आणि आज संध्याकाळी कपाटातून दोघांचे पासपोर्ट काढून तारीख बघा, परत यायच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा पाहिजे, दोन पानं कोरी पाहिजेत, आणि तुमच्या पासपोर्टवर नाव माहेरचं आहे की सासरचं ते वाचून तसंच, अक्षर न बदलता, मुलाला व्हॉट्सॲप करा.